पट्टी बांधलेलं पडवळ

सहदेव परबच्या पडवळांबद्दल मुलुंडात जे काही बोललं जाई त्यातलं निम्मं सोडून दिलेलं बरं. एक पडवळ म्हणे इतकं वाढलं की देठ कारखान्यात आणि शेंडा भिंतीपलीकडे सरकारी रस्त्यावर. ते कापायचा अधिकार कोणाचा यावरून वॉचमन आणि मुकादम दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी ते आणखी हातभर वाढून समोरच्या पानवाल्याच्या टपरीत शिरलं, तेव्हा पानवाल्यानेच ते कापून वाद मिटवला. दुसरं एक पडवळ सहदेवने सायकलच्या दांडीला बांधून घरी नेलं, तर त्याचं पुढचं टोक फाटकाबाहेर पडलं तेव्हा मागचं अजून वाफ्यातच होतं. या गोष्टी सांगणारा बहुतेक वेळा सहदेवच असे, म्हणून निम्मं सोडायचं. उरलेलं निम्मं मात्र खरं. पडवळं लांब होती, सरळ होती, आणि अंगावरचे पांढरे पट्टे फुटपट्टी लावून ओढल्यासारखे होते.

हे वाफे पंपांच्या कारखान्यामागे होते. एकोणऐंशी साली कामगारांनी कँटीन मागितलं. मालकांनी विचार करायला सहा महिने घेतले आणि कँटीनऐवजी मागची पडीक जागा देऊन टाकली. पिकवा आणि खा. युनियनचे पुढारी चिडले, पण बाकीची माणसं हरखली. निम्मी कोकणातली, निम्मी जालना-परभणीकडची. मातीला हात लागून कित्येकांना दहा-दहा वर्षं झाली होती. दगड उचलले, घाणेरीची झुडपं खणून काढली, बावीस वाफे आखले आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले.

पाण्याला तर तोटाच नव्हता. प्रत्येक पंप बाहेर पाठवण्याआधी हौदावर चालवून बघायचा असा नियम होता, आणि हे चाचणीचं पाणी पाटाने थेट वाफ्यांत यायचं. पौष-माघात एक पंप पाच मिनिटं तपासला जाई. फाल्गुन लागला की तोच पंप पंधरा मिनिटं, आणि चैत्रात अर्धा तास. त्या काळी मुलुंडचा उन्हाळ्यात बनलेला पंप म्हणजे फार कसून तपासलेला, अशी त्याची थेट मराठवाड्यापर्यंत ख्याती होती.

पहिली पाळी साडेतीनला सुटायची. भोंगा वाजला की माणसं फाटकाकडे न जाता उलटी मागे वळायची. सहदेव रंगखात्यात होता. पंपांना हिरवा रंग मारून मारून त्याची नखं कायमची हिरवी झालेली, त्यामुळे तो भाजीलाही वरून एक हात मारतो असा त्याच्यावर आरोप होता. तो शर्ट काढून बोरीच्या काट्याला अडकवायचा, चपला बांधावर ठेवायचा आणि अनवाणी पायाने वाफ्यात शिरायचा. दिवसभर तापलेल्या ढेकळांवर पाणी शिरलं की जमीन चुर्र करायची आणि एक वाफ नाकात जायची. त्या वाफेसाठी माणूस पाळी करतो, असं त्याचं मत होतं. मग भेंडीची लव अंगाला चावेपर्यंत भेंडी काढायची. लाल माठाचे कोवळे शेंडे खुडायचे. मुळ्याला आलेल्या डिंगऱ्या तिथेच मिठाशिवाय कचाकच खायच्या. पलीकडे येऊरच्या डोंगरावर पांगारे पेटलेले असायचे, आणि गुलमोहरावरचा कोकीळ एकच प्रश्न शंभर वेळा विचारायचा. रंगाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून केलेल्या झाऱ्या घेऊन बावीस माणसं वाकलेली. कोणी कोणाला मोठ्याने हाक मारत नसे. पाणी जिरण्याचा आवाज ऐकायचा असे ना!

सहदेवच्या शेजारचा वाफा अंबादास वाहुळेचा. अंबादास जालन्याकडचा, कारखान्याच्या फर्स्ट-एड खोलीत ड्रेसर. कापलं, भाजलं, बोट चेमटलं की त्याच्याकडे जायचं. सगळे त्याला डॉक्टर म्हणत आणि तो नाकारत नसे. त्याच्या वाफ्यात गवार, मिरची आणि काटेरी वांगी. वांग्याच्या रोपांना तो आळी अशी करायचा की जणू टाके घातलेत. शकुवहिनी, म्हणजे त्याची बायको, रोज बाजरीची भाकरी आणि ठेचा द्यायची. सहदेवच्या डब्यात रत्नप्रभाने दिलेली तांदळाची भाकरी. दोघं बांधावर बसून अर्धी-अर्धी बदलायचे. हे आठ वर्षं चाललं होतं.

"परबा, तुझी भाकरी म्हणजे नुसता कागद रे," अंबादास म्हणायचा.

"आणि तुझी म्हणजे कारखान्याचं पत्र्याचं छप्पर. तरी खातो ना मी?"

भाकरी वाटली जाई, मीठ-मिरची वाटली जाई, पण सहदेव एक गोष्ट कोणालाही देत नसे. पडवळाचं बी. ते बी त्याच्या आईचं. वाफा मिळाला त्या वर्षी रत्नप्रभा गावी गेली होती, तेव्हा म्हातारीने सुनेच्या ओटीत नारळ आणि तांदळांबरोबर पडवळाच्या बियांची पुरचुंडी घातली. पुढच्या पावसात म्हातारी गेली. गावचं घर भावाकडे, भावाने बागायत मोडून तिथे कलमं लावली. म्हणजे आईच्या हातचं या जगात उरलं ते एवढंच. सहदेव ते बी राखेत घोळवून करवंटीत ठेवायचा, वर दुसरी करवंटी, वर सुतळी, आणि मग फळीवर देवांच्या शेजारी. बी कोणाला दिलं की वेल रुसते, हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की ती म्हण आहे असं कॉलनीतल्या पोरांना वाटे. दर वर्षी वेलीवरचं पहिलं पडवळ तो तोडत नसे. त्याला चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे हे बियाचं, हात लावू नये. ते पिकून लालभडक झालं की फोडून बी काढायचं आणि करवंटीत भरायचं.

त्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशी साली, करवंटीत उंदराने तोंड घातलं. तीन बिया वाचल्या. त्यांतली एकच रुजली. एक वेल, आणि तिच्यावर चिंधी बांधलेलं एक पडवळ. ते पिकलं की आईचं बी पुढे चाललं. नाही पिकलं तर संपलं. सहदेव दिवसातून चार वेळा रंगाचा ब्रश खाली ठेवून ते बघायला यायचा.

आणि नेमका शिमगा आला.

कोकणातला माणूस एक वेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचेल, पण शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा तो दारात हवाच. त्यामुळे वाफ्यांवर एक रीत पडून गेली होती. शिमग्याला कोकणी गावी गेले की त्यांचे वाफे जालना-परभणीवाले शिंपायचे. मग चौदा एप्रिलच्या आसपास जयंतीच्या धामधुमीत त्या लोकांना आठवडाभर श्वास घ्यायला फुरसत नसे, तेव्हा त्यांचे वाफे कोकणी शिंपायचे. कोणी लिहून ठेवलं नव्हतं, कोणी विसरतही नव्हतं.

"आठ दिवस," सहदेव म्हणाला. "पाणी घाल, भेंडी खा, माठ खा. फक्त तेवढं बघ." त्याने हनुवटीनेच चिंधीकडे खूण केली. बोट दाखवलं तर फळ कुजतं.

"बघतो ना," अंबादास म्हणाला. "निर्धास्त जा. पोटच्या पोरावानी बघतो."

आणि खरोखर त्याने तसंच बघितलं. तिथेच तर घात झाला.

सहदेव नवव्या दिवशी सकाळी गाडीतून उतरला तो बोचकं फक्त घरात टाकून वाफ्यावर गेला. भेंडी टवटवीत. माठ पुन्हा फुटलेला. मांडवावर वेल हिरवीगार, तीन नवी पडवळं, प्रत्येकाच्या शेंड्याला सरळ वाढावं म्हणून दगड बांधलेला. चिंधीवालं पडवळ नव्हतं. त्या जागी देठाचा बोटभर तुकडा, आणि त्याला पांढऱ्याशुभ्र गॉजची नीटनेटकी गाठ.

अंबादास फर्स्ट-एड खोलीतून हात पुसत आला.

"आलास? बस आधी," त्याने सहदेवच्या खांद्यावर हात ठेवला. पेशंटच्या नातेवाइकांशी तो याच आवाजात बोले. "आपण हुईल तेवढं केलं."

"पडवळ कुठाय?"

"ऐक. तू गेलास त्याच दिवशी बघितलं, पट्टी लई मळकी. तू घाईत बांधली असशील, म्या काय बोलत न्हाई. पर मळकी पट्टी म्हणजे इन्फेक्शनच. सोडली, साफ केली, जांभळं औषध लावलं, नवी बांधली."

"पट्टी?" सहदेव म्हणाला. त्याचा आवाज कुठून तरी विहिरीतून आला.

"तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं. कावीळ म्हणावी तर डोळे न्हाईत तपासायला. चौथ्या दिवशी नारंगी. अंग मऊ. सहाव्या दिवशी खालून चिरलं रे, परबा, आन् आत बघतो तर सगळं लाल, रक्ताळलेलं. म्या वीस वरसं जखमा बघतोय. गँगरीन. वर चढलं असतं तर वेल गेली असती. काळजावर दगड ठेवला आन् कापलं."

जालन्याकडे पडवळ कोणी लावत नाही. पडवळ हिरवं असतं तेव्हा खायचं, एवढंच अंबादासला ठाऊक. पिकलं की ते लाल होऊन फुटतं हे त्याला कोण सांगणार? दर वर्षी ते जयंतीच्या आठवड्यात पिके, तेव्हा अंबादास वाफ्यावर नसेच; यंदा ते लवकर पिकलं. आणि चिंधीचा अर्थ सहदेवने कधी सांगितलाच नव्हता. कोकणात तो सांगावा लागत नाही.

"कापून कुठे टाकलंस?"

"टाकीन कसा? लागण पसरंल की. खड्डा केला, ब्लीचिंग पावडर टाकली, वरून घासलेट ओतून जाळलं. एकदम पद्धतशीर." थोडं थांबून तो म्हणाला, "वहीतबी नोंद केलीय. 'परब यांचे पडवळ, निकामी.'"

सहदेव खड्ड्याजवळ गेला. उकिडवा बसून त्याने हातांनी राख उकरली. चुन्यासारखी पांढरी भुकटी आणि काळे कोळसे. बी कुठलं उरतंय? मागे अंबादास उभा. त्याला आता कुठे शंका यायला लागली होती.

"परबा, काय झालं रे?"

"बियाचं होतं ते," सहदेव म्हणाला. "आईचं. शेवटचं. पिकलं होतं, गाढवा, आजारी नव्हतं." तो उठला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आजपासून माझ्या वाफ्याला हात लावायचा नाही."

शब्द म्हणून बघितलं तर त्यात काही नव्हतं. मुकादम मशीनला हात लावू नको म्हणतो, बायको लोणच्याच्या बरणीला हात लावू नको म्हणते. पण अंबादासच्या आज्याने हेच शब्द विहिरीवर ऐकले होते, आणि बापाने देवळाच्या पायरीवर. आठ वर्षं अर्धी भाकरी देणाऱ्या माणसाकडून आपण ते ऐकू असं अंबादासला वाटलं नव्हतं. त्याचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा झाला. त्याने स्वतःची झारी उचलली, बांध ओलांडला आणि आपल्या वांग्यांकडे वळूनही न बघता निघून गेला.

सहदेवला आपण काय बोललो ते फाटकापर्यंत पोचल्यावर ऐकू आलं. पण तोवर शब्द पोचायचा तिथे पोचला होता.

पुढचे तीन आठवडे वाफ्यांवर अशी शांतता होती की पाणी जिरण्याचा आवाज नकोसा झाला. अंबादास दुसऱ्या टोकाने यायचा, शिंपायचा, जायचा. दोघंही एकेकटे जेवायचे. भाकरी अख्खी मिळत होती तरी दोघांचीही संपत नव्हती. सहदेवने नवी पडवळं बियाला ठेवायचं मनात आणलं, तर मांडवावर फळमाशी पडली आणि तिन्ही वाकडी होऊन सडली. वेलीनेही मान टाकली. एके दिवशी त्याने वाफ्यावरची आपल्या नावाची पत्र्याची पाटी उपटली आणि घरी आणून कोनाड्यात ठेवली.

"हे काय?" रत्नप्रभाने विचारलं.

"वाफा परत देतंय," सहदेव म्हणाला. घरात तो मालवणीच बोले. "आयेचा बी गेला. आता खंयच्या तोंडान थंय जाऊ?"

रत्नप्रभा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. सकाळीच दूध केंद्रावर शकु भेटली होती. म्हणाली होती, आमचे जेवत न्हाईत वयनी, ताटावरनं उठतात, म्हातारीचं बी म्या जाळलं म्हणतात. आणि इथे हा नवरा पाटी उपटून आणतोय. रत्नप्रभाने सूप बाजूला ठेवलं.

"ओ, माका एक सांगूचा आसा. रागावूचा नाय."

"काय?"

"तुमच्या डॉक्टरान जाळल्यान, ता बी आयेचा न्हवताच."

"मगे?"

"बाजारातला."

सहदेवने पंख्याकडे बघितलं, देवांकडे बघितलं आणि मग बायकोकडे. मग रत्नप्रभाने जे सांगितलं ते असं. म्हातारीने ओटी भरताना सुनेला जवळ ओढून सांगितलं होतं, मुलाला नाही: हे बी घरात कोंडून ठेवू नको गो. आधी पाच घरांत दे. एका घरात मरेल, दुसऱ्या घरात जगेल. आणि माझा सहदेव मुलखाचा चिकट आहे, त्याला विचारू नको. रत्नप्रभा मुंबईला आली. नवरा तोवर करवंटी तासून बसलेला आणि बी कोणाला देणार नाही असं सगळ्या कॉलनीला सांगून मोकळा झालेला. सासूचं ऐकावं की नवऱ्याचं? तिने सासूचं ऐकलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या वनमालासकट पाच जणींच्या ओटीत सगळं बी घालून टाकलं. आणि भाजीवालीकडे एक पिकून लाल झालेलं, कोणी न घेणारं पडवळ पडलं होतं, ते फुकट आणून त्याचं बी राखेत घोळवून करवंटीत भरलं.

"मी म्हटलंय, वनमालाकडची वेल धरली की परत आणीन आणि गुपचूप बदलीन. पण तुम्ही तंवर पेरून झालात. पडवळा आली, लांब झाली, तुम्ही आयेचा बी, आयेचा बी म्हणान गावभर नाचलात. मगे माझो धीर झालो नाय."

"आठ वर्षां?"

"आठ वर्षां."

म्हणजे रस्त्यावर गेलेलं ते पडवळ बाजारातलं. पानवाल्याच्या टपरीत शिरलेलं बाजारातलं. सायकलवरचं बाजारातलं. सहदेवने आठ वर्षांत कित्येक वेळा ते पडवळ डोळे मिटून खाल्लं होतं आणि म्हणाला होता, आईच्या हातची गोडी. त्याचा चेहरा आधी तांबडा झाला, मग त्याच्या नखांइतका हिरवा, आणि मग त्याला एक गोष्ट सुचून तो एकदम उठला.

"वनमालाकडची वेल जगली?"

"चला दाखवतंय," रत्नप्रभा म्हणाली.

वनमाला साटम शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. सहदेव त्या इमारतीखालून रोज कामाला जायचा, पण वर कधी बघितलं नव्हतं. माणूस आपल्या पडवळाच्या अभिमानात चालत असला की मान खाली कशाला घालेल आणि वर तरी कशाला करेल! आता बघितलं तर गॅलरीत तेलाच्या मोठ्या डब्यात वेल, गजांवर चढलेली, आणि तीन पडवळं खाली लोंबत थेट पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उतरलेली. पहिल्या मजल्यावर जानकीबाई राहायच्या. त्या दर दोन दिवसांनी आपल्या वाट्याला आलेला शेंडा सुरीने कापून घेत.

"वेल माझी, नि भाजी हिची!" वनमाला वरून ओरडली.

"माझ्या गॅलरीत आलं ते माझं!" जानकीबाई खालून. "दगड बांधतेस तो माझ्या डोक्यात बसतो, त्याचं भाडं समज!"

सहदेवने जिने चढून त्या पडवळांकडे जवळून बघितलं. ती लांब नव्हती. आखूड, थोडी फुगीर, पट्टे वेडेवाकडे. त्याच्या बाजारी पडवळांशेजारी ठेवली असती तर गरीब नातेवाइकासारखी दिसली असती. पण त्याने एकाला नाक लावलं मात्र, आणि तो बराच वेळ नाक काढेना. वनमालाने रत्नप्रभाकडे बघितलं. रत्नप्रभाने ओठांवर बोट ठेवलं.

"वनमालावहिनी," तो शेवटी म्हणाला, "बी द्याल?"

"एक पिकायला ठेवलंय वर, देईन की. पण रत्नानं मला दिलं तेव्हा शब्द घेतला होता, पाच घरांत द्यायचं म्हणून. तुम्ही देणार आहात का, भावजी? नाहीतर तुमची ती करवंटी! सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे."

"देईन."

"पाच घरं सांगा. आत्ता."

मुलाखतीला आलेल्या माणसासारखा सहदेव उभा राहिला. "अंबादास वाहुळे," तो म्हणाला. आणि बाकीची चार घरं सुचेपर्यंत जानकीबाईंनी खालून तिसरंही पडवळ कापून घेतलं.

तोवर चौदा एप्रिल आला. अंबादास आठ दिवस निळ्या पताका, मिरवणुकीचा ट्रक आणि औषधाची पेटी यांत बुडालेला. वाफ्यांवर पाय ठेवायला वेळ नाही. आपल्या वाफ्याला यंदा कोणी पाणी घालणार नाही हे त्याने धरूनच ठेवलं होतं. पण सहदेव रोज साडेतीनला तिथे होता. त्याने आधी वांग्यांना शिंपलं, मग गवारीला, मग मिरचीला. वांग्याच्या आळ्यांवरची ढेकळं बोटांनी फोडली. त्या आठवड्यात एक पंप पाऊण तास तपासला गेला, आणि मुकादमाने काही विचारलं नाही. अंबादासच्या मिरचीला इतकं पाणी झालं की तिचा तिखटपणा उतरला अशी नंतर तक्रार होती, पण ती वेगळी गोष्ट.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी सहदेव खांद्यावर एक आखूड, फुगीर पडवळ टाकून अंबादासच्या दारात उभा राहिला. अंबादास बनियनवर होता.

"वांगी शिंपलीस," अंबादास म्हणाला.

"रीत आहे."

"हां. रीत हाय."

"त्या दिवशी बोललो ते..." सहदेवने पडवळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मी वाफ्याबद्दल बोललो रे."

"ठावं हाय मला."

"पण तुला तसं ऐकू गेलं नाही."

"न्हाई गेलं," अंबादास म्हणाला. त्याने ते लपवलं नाही. मग तो दारातून बाजूला झाला. "आत ये. उन्हात कशाला उभा ऱ्हातोस?"

सहदेवने आत जाऊन सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वाढवता, म्हणजे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच. बाजारातल्या पडवळापर्यंत आला तेव्हा आतून शकुच्या हातातलं भांडं पडलं.

"म्हणजे म्या बाजारचं पडवळ कापलं?" अंबादास म्हणाला.

"हो."

"आन् महिनाभर माझ्या नरड्याखाली घास उतरंना!"

"माझ्या तरी कुठे उतरला?"

"वरनं वहीत निकामी म्हणून लिवलं. साहेबानं सही केली त्यावर!" आणि मग अंबादास जो हसायला लागला तो थांबेना, आणि शकुने आतून विचारलं की हे हसणं आहे का आणखी काही.

"शकुवहिनी," सहदेव हाक मारून म्हणाला, "हे पडवळ तुम्ही करा. मी जेवूनच जाणार आहे."

"तुमच्यासारखं खोबरं घालून मला येत न्हाई, भावजी. शेंगदाण्याचं कूट आन् काळा मसाला घालीन."

"घाला. मला चालेल."

ताटं वाढली. बाजरीची भाकरी, कांदा, आणि पडवळाची भाजी, काळ्या मसाल्यात न्हालेली. सहदेवने पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबला. तिखट गेलं, शेंगदाणा गेला, आणि मागून जिभेच्या कडेला एक कडवटपणा उतरला. पुसट. कारल्याचा नव्हे, मेथीचा नव्हे. पडवीत बसलेली आई, तिच्या मांडीखाली विळी, आणि ती म्हणतेय, कडू लागता तर भात जास्त घे, पण टाकू नको. गोडी नव्हतीच त्यात कधी. आठ वर्षं तो भलत्याच चवीला आईची चव म्हणत आला होता, आणि खरी चव तो पार विसरून गेला होता.

"परबा," अंबादासने तोंड वाकडं केलं, "कडू हाय की रे! ह्याच्यासाठी तू एवढं..."

"गप," सहदेव म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते काळ्या मसाल्याने भरले असं समजायला सगळ्यांची तयारी होती. त्याने ताट पुढे केलं.

"वहिनी, आणखी वाढा."